पाच फुटी ॲक्रिलिक टब: दीड वर्षाच्या वापरानंतर

टिळकवाडीतील आमच्या जुन्या घराचे न्हाणीघर दीड वर्षापूर्वी नव्याने बांधून घेतले, तेव्हा आईच्या कंबरदुखीला कोमट पाण्यात बसल्याने आराम पडतो म्हणून तेथे बाथटब बसवायचे ठरले. बेळगावात आमच्या ओळखीच्या फारच थोड्या घरांत टब आहे आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापैकी काहींच्या टबात आज धुण्याचे कपडे भिजत पडलेले असतात. तसे होऊ नये म्हणून खरेदीपूर्वी महिनाभर चौकशी केली.

पहिला विचार माडीवरच्या न्हाणीघराचा होता. न्हाणीघराच्या स्लॅबचा हिशेब साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो वापरभार (म्हणजे माणसे व सामान यांचे वजन) धरून केला जातो, आणि पाण्याने भरलेला टब, त्यात बसलेला माणूस व टबाचे स्वतःचे वजन मिळून जेमतेम एका चौरस मीटरवर 300 किलोच्या आसपास भार येतो. नव्या, मजबूत स्लॅबला तो सहसा जड जात नाही, कारण तो खोलीभर वाटला जातो. आमची माडी मात्र सागवानी तुळयांवर उभी असल्याने इंजिनिअरांनी स्पष्ट नकार दिला आणि टब तळमजल्यावर, आईच्या खोलीला लागून बसवला. आज वाटते, तेच बरे झाले.

दुकानात मुख्यतः दोन प्रकार पाहिले. बिडाचा, आतून इनॅमलचा मुलामा दिलेला टब पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. कोहलर कंपनीच्या संस्थापकाने 1883 साली जनावरांच्या बिडाच्या डोणीला मुलामा देऊनच आपला पहिला टब केला, असे ती कंपनी सांगते. पण तो रिकामाच शंभर किलोंच्या पुढे जातो, आणि सुरुवातीला पाण्याची ऊब स्वतःच ओढून घेतो. ॲक्रिलिकचा टब हलका असतो, पाठीला थंड लागत नाही आणि किरकोळ चरे पॉलिश करून घालवता येतात. त्याच्या पाठीमागचा फायबरचा थर मात्र पुरेसा जाड हवा. तळावर अंगठ्याने जोरात दाबून पाहावे. तळ लवत असेल तर तो टब घेऊ नये. खडेबाजाराजवळच्या ज्या दुकानातून आम्ही खरेदी केली, तेथील मालक स्वतःहून म्हणाले, ‘‘काका, चपला काढून आत बसून बघा की, पाठ टेकते का ते कळंल.’’ या एका वाक्यासाठी मी ते दुकान कोणालाही सुचवीन. आत बसल्यावर कळले की सहा फुटी टबात आईचे पाय समोर टेकत नाहीत आणि ती खाली घसरू शकते. म्हणून 1500 बाय 700 मिलिमीटरचा, म्हणजे पाच फुटी टब घेतला. टबाची खोली मोजताना काठापर्यंतची नव्हे, तर ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंतची मोजावी, कारण पाणी त्याच्या वर राहतच नाही.

खरा प्रश्न गरम पाण्याचा आहे, आणि दुकानात तो कोणी काढत नाही. टबात माणूस बसल्यावर पाणी खांद्यापर्यंत यावे यासाठी आमच्या टबात सुमारे 160 लिटर पाणी भरावे लागते. टाकीतले पाणी 20 अंशांवर धरले आणि आपल्याला 40 अंशांचे हवे असले, तर त्यात 65 अंशांचे किमान 70 लिटर पाणी लागते. 25 लिटरच्या गीझरमधून एका दमात 55 लिटरच्या आसपासच कोमट पाणी मिळते. दुसऱ्यांदा गीझर तापेपर्यंत पहिले पाणी निवते. आमच्या गच्चीवर सोलर आहे म्हणून निभावते. केवळ विजेवर एवढे पाणी तापवायला पावणेचार युनिटे तरी जातात. ज्यांच्याकडे सोलर किंवा मोठा गीझर नाही, त्यांनी आधी त्याची सोय करावी आणि मगच टब पाहायला जावे.

पाण्याबद्दल माझ्या मनात अजूनही टोचणी आहे. शहरी पुरवठ्यासाठी माणशी रोज 135 लिटरचे मान धरले जाते आणि एक टब त्याहून जास्त पाणी घेतो. त्यामुळे आम्ही आठवड्यातून एकदाच तो भरतो, सांडपाण्याची नळी परसातल्या नारळांकडे वळवली आहे, आणि शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी उतरू लागली की पाऊस लागेपर्यंत टब बंद ठेवतो. बोअरचे पाणी वापरले तर क्षारांचे पांढरे डाग धरतात. ते पातळ व्हिनेगर आणि मऊ फडक्याने निघतात. ॲसिड किंवा तारेची घासणी ॲक्रिलिकची चकाकी कायमची घालवते.

मोठी चूक बसवताना झाली. प्लंबरने टबाची समोरची बाजू विटा आणि फरश्यांनी पूर्ण बंद केली, तपासणीसाठी उघडता येईल असे छोटे दार ठेवले नाही आणि पाणी भरून चाचणीही घेतली नाही. तिसऱ्या महिन्यात बोळाच्या भिंतीला ओल आली. वेस्ट कपलिंगचा, म्हणजे टबातले पाणी बाहेर सोडणाऱ्या भोकाच्या जोडणीचा, वायसर नीट बसलेला नव्हता. शंभर रुपयांच्याही आतल्या कामासाठी नव्या फरश्या फोडाव्या लागल्या आणि तशा फरश्या नंतर बाजारात मिळाल्या नाहीत. काठाचे सिलिकॉनही रिकाम्या टबावर भरले होते. टब भरला की तो वजनाने किंचित खाली बसतो आणि सांधा उकलतो, त्यामुळे दुसऱ्या वेळी टब ओव्हरफ्लोपर्यंत भरून ठेवला, मग सिलिकॉन भरले आणि ते वाळेपर्यंत पाणी सोडले नाही. तो सांधा दोन्ही पावसाळ्यांत टिकला, फक्त त्यावर काळी बुरशी धरते आणि ती दर पंधरवड्याला पुसावी लागते.

टबाचा काठ जमिनीपासून 55 सेंटिमीटर उंच आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तो ओलांडणे धोक्याचे आहे, हे आईचा पाय एकदा निसटता निसटता वाचला तेव्हा कळले. आता बाहेर विटांची रुंद पायरी, भिंतीत पक्का रोवलेला स्टीलचा दांडा आणि तळाशी रबरी चटई आहे. आई आधी काठावर बसते, मग एकेक पाय आत घेते. ही सोय होईपर्यंत तिला एकटीला टबात जाऊ दिले नाही, आणि आजही न्हाणीघराच्या दाराला आतून कडी लावू देत नाही.