केसांची औषधं वापरून आणि ट्रान्सप्लांटचे दोन सल्ले घेऊन: माझा रिव्ह्यू

फोटोग्राफी हा माझा पेशा. माणसांचे चेहरे चांगल्या उजेडात बसवणं हे रोजचं काम, त्यामुळे केसगळतीच्या जाहिरातींतले 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो बघताना माझं लक्ष केसांआधी सावल्यांकडे जातं. 'आधी'च्या फोटोत दिवा बरोबर डोक्यावर, केस ओले, मान खाली. 'नंतर'च्या फोटोत उजेड समोरून आणि मऊ, केस कोरडे करून पुढे विंचरलेले, हनुवटी जराशी वर. एवढ्याने कोणाचेही केस दाट दिसतात, त्याला ना औषध लागत ना शस्त्रक्रिया. म्हणून औषधं सुरू केली त्याच दिवशी मी घरात एक जागा ठरवली: एकच दिवा, तेवढंच अंतर, केस ओले करून मागे घेतलेले. दर महिन्याला तिथेच फोटो काढत आलो. वर्षापेक्षा जास्त काळ झाला. खाली जे लिहितोय ते त्या फोटोंच्या आणि डॉक्टरांशी झालेल्या बोलण्यांच्या आधारावर.

माझी अवस्था आधी सांगतो. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेले आणि भोवऱ्यापाशी टाळू दिसायला लागलेली. पुरुषांच्या टकलाच्या पायऱ्या मोजायला डॉक्टर जी नॉरवूड श्रेणी वापरतात, तिच्यात मी तिसऱ्या पायरीवर. हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये केलेली वर्गवारी नॉरवूड यांनी १९७५ मध्ये सुधारली, ती आजही तशीच वापरात आहे. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी डोक्यावर डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं यंत्र, टेकवला आणि पडदा माझ्याकडे वळवला. शेजारीशेजारी उगवलेले तीन केस दिसत होते: एक जाड काळा, दुसरा त्याच्या निम्म्या जाडीचा, तिसरा तर लवच. मग त्यांनी तेच यंत्र मानेच्या वर, मागच्या बाजूला लावलं. तिथे सगळे केस एकाच जाडीचे. "तुमचे केस नुसते गळत नाहीयेत, दर फेरीला बारीक होऊन उगवतायत," असं त्या म्हणाल्या. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी नावाचं संप्रेरक काही मुळांना आखूड करत नेतं, पुढच्या आणि माथ्याच्या मुळांना जास्त, मागच्यांना फारसं नाही. ट्रान्सप्लांटचं सगळं शास्त्र या एका फरकावर उभं आहे.

ही तपासणी करून घेतल्याशिवाय एकही बाटली विकत घेऊ नका, असं मी कळकळीने सांगेन. मोठा ताप, बाळंतपण, झपाट्याने उतरलेलं वजन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात आणि बहुतेक वेळा आपोआप परत येतात. थायरॉइड बिघडलं असेल किंवा अंगात लोह कमी असेल, तर इलाज तिथे करायचा. नाण्याएवढे गोल चट्टे पडत असतील तर तो प्रतिकारशक्तीशी निगडित वेगळाच आजार, त्याची औषधंही वेगळी. या सगळ्यांत ट्रान्सप्लांट सुचवणाऱ्यापासून लांब राहावं.

आता मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस वाढायला लागले आणि त्यातून टाळूला लावायचं द्रावण निघालं. अमेरिकेत १९८८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. मी आधी पाच टक्क्यांचं द्रावण वापरलं. ड्रॉपरने एक मिली, दिवसातून दोनदा. औषध म्हणून ठीक, पण वापरायला त्रासदायक. त्यातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलमुळे केस चिकट होतात, आणि वाळलं की भांगाच्या कडेने पांढरी भुकटी दिसते. मला खाज सुटली, खवले पडायला लागले. डॉक्टरांनी फोमवर आणलं आणि खाज थांबली, कारण फोममध्ये ते द्रव्य नसतं. फोमची एक खोड आहे: बोटांच्या उबेने तो लगेच विरघळतो आणि टाळूवर पोचायच्या आत हातावरच संपतो. आधी बोटं गार पाण्याखाली धरून पुसून घ्यायची, केस बाजूला करून थेट त्वचेवर लावायचा आणि बोटांच्या टोकांनी पसरवायचा. केसांना लागलेलं औषध वाया गेलं समजा. आणि टाळू कोरडी हवी.

सुरुवातीच्या आठवड्यांत केस जास्त गळतात. हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरून बाटली फेकून देतो. विश्रांतीच्या अवस्थेतली मुळं नव्या फेरीत ढकलली जातात, तेव्हा जुना केस सुटतो. माझ्या उशीवर, टॉवेलवर, फणीत सगळीकडे केस होते. ते मागे पडलं, पण पहिले चार महिने फोटोत सुधारणा म्हणावी असं काही नव्हतं. नंतर भोवऱ्यात फरक दिसू लागला: ओल्या केसांत टाळूचा जो पांढरा चट्टा चमकायचा, त्याची कड मोडली, आत बारीक केसांची जाळी आली. कपाळाच्या कोपऱ्यांत मात्र काहीही झालं नाही, आणि माझ्या मते तिथे आशा लावून बसू नये. सगळ्यांना लागू पडतं असंही नाही. टाळूतलं एक एन्झाइम मिनॉक्सिडिलचं रूपांतर कामाच्या रूपात करतं, ते ज्यांच्यात कमी असतं त्यांना फायदा कमी होतो. थांबवलंत तर मिळवलेले केस काही महिन्यांत जातात, म्हणजे हे कायम लावत राहायचं औषध आहे.

घरात मांजर असेल तर हे नीट वाचा. मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी आहे, अगदी थोडं चाटलं तरी जिवावर बेतू शकतं. उशीची खोळ, हात, सांडलेला थेंब, सगळंच सांभाळावं लागतं. याबद्दल दुकानात मला कोणी एक शब्द बोललं नाही, आणि हे पाकिटावर मोठ्या अक्षरात असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

फिनॅस्टराइड या टकलावरच्या गोळीबद्दल मी सर्वांत जास्त विचार केला. याचा उगम विलक्षण आहे. १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांवर निबंध प्रसिद्ध केला. तिथे काही मुलगे जन्मतः मुलींसारखे दिसत आणि वयात येताना पुरुषी होत, कारण टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं एन्झाइम त्यांच्यात अपुरं होतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि कपाळावरचे केस मागे हटत नसत. तेच एन्झाइम औषधाने अडवलं तर काय, या विचारातून फिनॅस्टराइड आलं: १९९२ मध्ये वाढलेल्या प्रोस्टेटसाठी पाच मिलिग्रॅम, १९९७ मध्ये टकलासाठी एक मिलिग्रॅम. रक्तातलं डीएचटी ते साधारण दोन तृतीयांशाने खाली आणतं.

अंगभर फिरणाऱ्या संप्रेरकाला हात घालतोय, तर परिणाम डोक्यापुरते राहणार नाहीत हे उघड आहे. कंपनीच्या चाचण्यांत पहिल्या वर्षी लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्यांत ३.८ टक्के आणि नकली गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के होत्या. आकडे लहान आहेत, पण औषध बंद केल्यावरही त्रास राहिल्याचं सांगणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावणं मला पटत नाही. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा फिनॅस्टराइडचा दुष्परिणाम असल्याचं पक्कं केलं. नैराश्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांपासून तो लपवू नका.

माझ्या डॉक्टरांची एक गोष्ट मला फार आवडली. गोळी लिहून देण्याआधी त्यांनी बायकोला बरोबर घेऊन यायला सांगितलं. "मूड बदलला तर ते यांच्या आधी तुम्हाला कळेल," असं त्या तिला म्हणाल्या. गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही, गर्भ मुलाचा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो, हेही दोघांसमोर सांगितलं. गोळी चालू असताना रक्तदान करायचं नाही. आणि प्रोस्टेटच्या पीएसए नावाच्या रक्ततपासणीच्या वेळी डॉक्टरांना गोळीची कल्पना द्यायची, कारण तिने तो आकडा जवळपास निम्म्यावर येतो आणि आजार झाकला जाऊ शकतो. मला सुरुवातीला कामेच्छा थोडी मंदावल्यासारखी वाटली. त्यांच्याशी बोललो, लक्ष ठेवलं, पुढे ती पूर्ववत झाली. मूड ठीक राहिला. केसांच्या बाबतीत या गोळीने नवं पीक काढलं नाही, पण घसरण थांबवली: वर्षापूर्वीचा आणि आत्ताचा कपाळाचा फोटो एकावर एक ठेवला तर रेषा जुळते. माझ्यासाठी हा पूर्ण गुणांचा निकाल आहे.

ड्युटास्टराइड हे त्याच प्रकारचं औषध याहून जोरकस, पण शरीरात महिनोन् महिने राहतं. मला त्याची गरज पडली नाही. बायोटिनच्या गोळ्या आणि चघळायच्या चॉकलेटी मी घेत नाही. अंगात बायोटिनची कमतरता नसेल तर त्यांचा उपयोग दिसत नाही, उलट त्या थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे निकाल चुकवतात.

ट्रान्सप्लांटच्या पहिल्या सल्ल्याला गेलो ते ठिकाण मी इथे सांगणार नाही, पण अनुभव सांगतो. समोर बसलेली व्यक्ती डॉक्टर नव्हती. तिने मार्करने माझ्या कपाळावर रेषा ओढली, ती मी शाळेत असताना होती तिथे. ग्राफ्टचा, म्हणजे मागून काढून पुढे लावायच्या केसांच्या पुंजक्यांचा, आकडा त्याच बैठकीत ठरला, आजच नोंदणी केली तर सवलत होती, आणि केस बसवायच्या चिरा टाळूवर कोण पाडणार या प्रश्नाला "आमची टीम" एवढंच उत्तर मिळालं. माझ्या डोक्याची मागची बाजू कोणी पाहिलीच नाही. घरी काय औषध चालू आहे हेही विचारलं नाही.

दुसरीकडे सर्जन स्वतः भेटले. त्यांनी पहिली दहा मिनिटं फक्त मागचं डोकं बघितलं. डर्मोस्कोप, मोजपट्टी, केसाची जाडी, मानेजवळ आणि कानांवर केस विरळ होतायत का, सगळं तपासलं. वडिलांचा आणि मामांचा फोटो मागितला. मग समजावलं. नॉर्मन ऑरेंट्राइश यांनी १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दाखवलं की मागचा केस पुढे लावला तरी तो मागच्यासारखाच वागतो, गळत नाही. पण ही शस्त्रक्रिया नवा केस बनवत नाही, आहे तो हलवते. मागची मुळं म्हणजे बँकेतली मुद्दल, तिच्यात आयुष्यात पुन्हा भर पडत नाही. मुळं काढायच्या पद्धती दोन. एफयूटीमध्ये मागून त्वचेची पट्टी काढतात आणि एक लांब व्रण राहतो. एफयूईमध्ये जेमतेम मिलिमीटरभराच्या पंचने एकेक ग्राफ्ट काढतात, बारीक ठिपके राहतात, पण अति काढले तर मागचं डोकं विरळ आणि ठिगळं पडल्यासारखं दिसतं. दोन्हीत मुद्दल तीच. तरुणपणी खाली ओढलेली रेषा भरायला ती संपवली आणि पुढे माथा उघडा पडला, तर समोर केसांची कड, मागे रिकामं, आणि भरायला काही शिल्लक नाही.

शस्त्रक्रियेनंतर कपाळाला, कधी डोळ्यांपर्यंत सूज येते, आठ-दहा दिवसांत खपल्या पडतात, मग लावलेले केस गळून पडतात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवायला लागतात. अंदाज यायला वर्ष लागतं. आधीचे केस मात्र शस्त्रक्रियेने वाचत नाहीत, म्हणून गोळी चालूच ठेवावी लागते. ज्याला ती घ्यायची नाही त्याने हे आधी तोलावं. चिरा ते स्वतः पाडतात आणि दिवसाला एकच रुग्ण घेतात, हे मी न विचारता त्यांनी सांगितलं. परवाना नसलेल्या तंत्रज्ञांकडून होणाऱ्या शस्त्रक्रियांविरुद्ध या क्षेत्रातल्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला मोहीम काढावी लागली आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारायला अजिबात संकोचू नका. आणि जुन्या रुग्णांचे फोटो दाखवले तर ओले केस मागे विंचरलेला व्हिडिओ मागा, कडक उजेडातला. यांनी तो लगेच दाखवला, मागच्या बाजूसकट.

रेषा त्यांनीही ओढली, पण पहिल्या रेषेच्या बरीच वर, कोपरे मोकळे ठेवून. "वर्षभर औषधावर राहा, मग बोलू," म्हणून घरी पाठवलं. शस्त्रक्रियेचे पैसे मिळत असताना त्यांनी थांबायला सांगितलं, याचं मला अप्रूप आहे.

ते वर्ष झालं आहे. पुढच्या भेटीत ते डोनर भाग, म्हणजे मागच्या डोक्यावरचे केस, पुन्हा मोजणार आहेत. तो आकडा टिकलेला असला आणि भोवरा आहे तिथेच थांबलेला असला, तर फक्त पुढचे दोन कोपरे विरळ भरून घ्यायचे, भोवऱ्याला हात लावायचा नाही, असं आमचं ठरलं आहे. आकडा घटलेला निघाला तर फोम आणि गोळी चालू ठेवून आणखी एक वर्ष थांबेन.