लॉरेल-हार्डीचा डीव्हीडी सेट, घ्यावा का?

जुन्या हॉलिवूडमधली ही विनोदी जोडी, तेव्हा घ्याच, पण ब्लॅक अँड व्हाईटवाला बघून घ्या. मी आधी एक रंगवलेला सेट आणला होता, त्यात चेहरे सगळे एकाच पिवळट रंगाचे दिसायचे आणि हार्डीच्या चेहऱ्यावरचे बारीक हावभावच गायब, म्हणून हा नवीन घेतला. प्रिंट स्वच्छ आहे, आवाज मधेमधे खरखरतो पण १९३० च्या आसपासचं रेकॉर्डिंग आहे ते, तेवढं चालतं.

यात 'द म्युझिक बॉक्स' आहे, १९३२ चा, ऑस्कर मिळालेला. गोष्ट काय तर दोघं एक पियानो लांबलचक जिन्यावरून वर चढवतायत, बस्स एवढंच, आणि तो पियानो पुन्हा पुन्हा खाली घरंगळत येतो, आणि पुढे काय होणार हे आपल्याला आधीच कळलेलं असतं तरी पोट धरून हसतो आपण. घाई कुठेच नाही. पडल्यावर हार्डी सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्याकडेच बघतो ना, इतका दुखावलेला चेहरा करून, ते मला सगळ्यात जास्त आवडतं.

पडद्यावर लॉरेल बावळट वाटतो पण विनोद रचण्यात मोठा वाटा त्याचाच, एडिटिंगलाही बसायचा. १९६१ मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळालं तेव्हा हार्डी जाऊन चार वर्षं झाली होती, हे आठवलं की खरंच वाईट वाटतं.

सबटायटल्स फक्त इंग्रजीत आहेत आणि मूकपटांना नंतर जोडलेलं म्युझिक जरा जास्तच मोठं आहे, तेव्हा आवाज कमी ठेवा. मुलांना आधी पियानोवालाच दाखवा.