३० अँपिअरचे सांगून विकलेले नकली मोटर ड्रायव्हर: ३०,०८६ रुपये गेले, रोबोकॉनच्या टीमनो सावध राहा

रोबोकॉनचा, म्हणजे कॉलेजांच्या रोबो स्पर्धेचा, सीझन आला की दरवर्षी हेच लोक, हाच माल, फक्त मोबाईल नंबर नवा. नमुना चांगला द्यायचा, विश्वास बसला की पूर्ण ॲडव्हान्स घ्यायचा आणि लॉट नकली पाठवायचा. ही पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ती उगाळत बसत नाही. आमच्या टीमने आठ मोटर ड्रायव्हर (बॅटरीचा करंट मोटरला हवा तसा पुरवणारे बोर्ड) घेतले. नग ३,१५० रुपये, म्हणजे २५,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी ४,५३६ आणि कुरिअर ३५०. एकूण ३०,०८६. हे पैसे पोरांनी वर्गणी काढून भरले होते, कारण कॉलेजची खरेदी तीन कोटेशन, मंजुरी आणि पीओ (खरेदीचा आदेश) यांतून बाहेर पडेपर्यंत स्पर्धा उरकलेली असते.

"स्वस्तात मिळतंय म्हणून धावलात" असं म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो: भाव बाजारापेक्षा जेमतेम सहाशे रुपयांनी कमी होता. एक नग आधी विकत घेऊन लोडवर चालवला होता आणि तो अस्सल निघाला. पक्कं बिल होतं. विद्यार्थ्यांच्या टीमने याहून जास्त खबरदारी ती काय घ्यायची?

आणि "बीटीएस ७९६० चं मॉड्यूल का नाही घेतलं, ते तर ४३ अँपिअरचं आहे" हा प्रश्नही येणारच. ते ४३ अँपिअर म्हणजे चिप स्वतःला वाचवण्यासाठी करंट तोडायला लागते तो आकडा आहे, सतत पेलायचा नव्हे. मॉड्यूलवरच्या दोन चिपा मिळून करंटच्या वाटेतला रोध थंड असताना सुमारे १६ मिलिओहम. २० अँपिअरलाच ६.४ वॉट उष्णता होते, आणि चिप तापली की रोध आणखी वाढतो. मॉड्यूलवरचा तो चिमुकला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) एवढी उष्णता फार वेळ काढू शकत नाही. शिवाय चिपची मर्यादा २७.५ व्होल्ट, आणि फुल चार्ज ६ सेलची लिपो बॅटरी २५.२ व्होल्ट देते. मोटरने ब्रेक मारला की ती जनरेटर होऊन व्होल्टेज वर ढकलते. त्याला जागा उरते सव्वादोन व्होल्टची.

आमच्या चाकांच्या मोटरचा रोध ०.६ ओहम. (साध्या मल्टिमीटरवर हा मोजू नका, त्याच्या वायरींचाच रोध त्यात मिसळतो. मोटरमधून १ अँपिअर सोडा आणि टर्मिनलवर मिलिव्होल्ट बघा. ६०० आले की ०.६.) २४ भागिले ०.६, म्हणजे मोटर अडकली की ४० अँपिअर. पूर्ण वेगात असताना एकदम उलटी फिरवली तर क्षणभर त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून सतत ३० आणि क्षणभर ८० अँपिअर पेलणारा ड्रायव्हर हवा होता. निवड बरोबरच होती. नकली होता तो माल.

आता ती जागा, जी आठवली की अजून डोकं फिरतं. नमुन्याचे पैसे बिलावरच्या फर्मच्या नावाने गेले होते. लॉटच्या वेळी विक्रेत्याने दुसरा क्यूआर पाठवला. पिन टाकण्याआधी यूपीआयच्या स्क्रीनवर खातेदाराचं बँकेतलं नाव येतं, तिथे फर्म नव्हती, भलत्याच माणसाचं नाव होतं. विचारलं तर म्हणाला, "करंट अकाउंटचं केवायसी चाललंय दादा, भावाच्या खात्यावर टाका, बिल फर्मचंच देतो." नाव समोर ठळक अक्षरांत होतं! तिथेच हात मागे घ्यायचा होता. पण त्याच माणसाने आधी अस्सल माल दिलेला, बिलाचा फोटो आलेला, आणि केवायसीसाठी खाती अडकतात हे कोणाला माहीत नाही? त्याने नमुना दिला होता तो याच क्षणासाठी. नाव जुळलं नाही तर एक रुपयाही पाठवू नका, समोरचा कितीही कारणं देवो.

बिलाचंही तसंच. जीएसटी नंबर पोर्टलवर टाका, अर्धं मिनिट लागतं. आमच्या बिलावरच्या नंबरचं रजिस्ट्रेशन रद्द झालेलं निघालं. पंधरा अक्षरांच्या त्या नंबरात तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत पॅन असतो, आणि एकूण नंबरातलं सहावं अक्षर खातेदाराचा प्रकार सांगतं. कंपनीला सी, एकट्या माणसाला पी. बिलावर प्रायव्हेट लिमिटेड आणि सहावं अक्षर पी, असला कागद आम्हाला दिला होता.

लॉट आला तेव्हा हीटसिंक चिकटवलेले होते, वर स्टिकर: "हीटसिंक काढल्यास वॉरंटी रद्द". नमुन्यात तो स्क्रूने बसवलेला होता. ज्याला मॉसफेटचा (ड्रायव्हरमधला करंट चालू-बंद करणारा भाग) नंबर दिसू द्यायचा नाही, तोच हीटसिंक चिकटवतो.

हीटसिंक उचकटल्यावर भिंगाखाली सगळं दिसलं. मॉसफेटच्या पाठीवर एकाच दिशेने पॉलिश पेपरचे ओरखडे, कोपऱ्यातला गोल खळगा काळ्या रंगाने बुजवलेला. इअरबडवर ॲसिटोन घेऊन पुसलं तर कापूस काळा झाला आणि वर छापलेला नंबरच पुसला गेला. एका नगावर खाली जुना नंबर अर्धवट उरला होता. तो ३० व्होल्टचा मॉसफेट. ६ सेलच्या बॅटरीवर किमान ४० व्होल्टचे लागतात. म्हणूनच पहिल्या जोरदार ब्रेकला दोन ड्रायव्हर शॉर्ट झाले. मॉसफेट शॉर्ट झाला की कोड काहीही सांगो, मोटर पूर्ण वेगाने धावत सुटू शकते. लाल इमर्जन्सी बटण सिग्नलवर नाही, बॅटरीच्या मेन लाइनवरच लावा.

चाचणीला महागडा लोड लागत नाही. गॅरेजमधून गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट ५५ वॉटचे हॅलोजन बल्ब आणा, दोन-दोन सिरीजमध्ये जोडा, अशा तीन जोड्या पॅरलल लावा. २४ व्होल्टवर पावणेचौदा अँपिअर जातात. ड्रायव्हर पूर्ण चालू ठेवून मल्टिमीटर थेट मॉसफेटच्या पायांवर लावा, वायरवर नाही. ४ मिलिओहमचा अस्सल असेल तर ५५ मिलिव्होल्टच्या आसपास दिसतील. आमच्या लॉटमध्ये १८० दिसले, म्हणजे १३ मिलिओहम. ३० अँपिअरला एका मॉसफेटमध्ये साडेतीनऐवजी पावणेबारा वॉट उष्णता. ही चाचणी लॉटमधल्या प्रत्येक नगावर करा. नमुन्यावर केलेल्या चाचणीने लॉटबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

आता तक्रारीचं. पोलीस चौकीत पहिला प्रश्न: "माल मिळाला ना? मग हा दिवाणी वाद आहे." सायबरवाले म्हणाले, हॅकिंग नाही, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा. ठाण्यात सांगितलं, विक्रेता परजिल्ह्यातला, तिकडे जा. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. कुरिअरवाला म्हणतो, खोका फुटलेला नव्हता. नकली नंबर छापलेला मॉसफेट टेबलावर ठेवला तर "हे काय असतं" म्हणून बाजूला सारला. नकली औषध, नकली खत विकलं तर गुन्हा, आणि नकली सेमीकंडक्टर विकला तर दिवाणी वाद? परीक्षा बुडवून पोरांनी तासन्तास बाकांवर बसायचं आणि साधी पोचही मिळू नये, याची लाज कोणालाच वाटत नाही.

हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यावी लागते. ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम पुढे सरकण्याआधी अडकू शकते. ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यातूनच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्यासाठी बिल पैसे भरणाऱ्याच्या नावावर असू द्या. खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ, हीटसिंकखालचे फोटो आणि मिलिव्होल्टचं रीडिंग त्याच तक्रारीला जोडा. उरलेले सहा ड्रायव्हर ज्युनिअर टीमला देऊ नका, पुरावा म्हणून स्टिकरसकट सीलबंद ठेवा.