झेरमाटच्या शॅलेसमोर दोन गाड्यांची जागा

2023 च्या नाताळात आम्ही सहा जण स्वित्झर्लंडमधील झेरमाट येथे आठवडाभर राहणार होतो. पुण्याहून मी, पत्नी आणि मुलगी, तर जर्मनीतील श्टुटगार्टहून मावसभाऊ, वहिनी आणि त्यांचा मुलगा. मुलांना स्कीइंग शिकायचे होते आणि मला 4,478 मीटर उंचीचा मॅटरहॉर्न रोज सकाळी खिडकीतून पाहायचा होता. आल्प्समधील अतिशय महागड्या गावांपैकी हे एक असल्यामुळे तिथे स्वस्तात काही मिळणार नाही हे आम्हाला ठाऊक होते, आणि तरीही सप्टेंबरमध्ये एका संकेतस्थळावर विंकलमाटेन या झेरमाटच्याच वस्तीतील तीन खोल्यांचे शॅले, म्हणजे डोंगराळ भागातले लाकडी घर, इतर घरांच्या निम्म्याहून कमी भाड्यात दिसले तेव्हा आपणच लवकर शोध घेतल्याचे हे फळ आहे, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली.

घरमालक म्हणवणारा गृहस्थ पत्रव्यवहारात अत्यंत सौजन्याने वागत असे. मुलीसाठी जादा गादी मिळेल का, स्वयंपाकघरात मोठी पातेली आहेत का, अशा आमच्या अस्सल मराठी चौकशांनाही तो तासाभरात उत्तर देई. मावसभाऊ मोटारीने येणार असल्याने त्याने गाडी लावण्याविषयी विचारले. ‘शॅलेच्या अगदी दारासमोर दोन गाड्यांची जागा आहे, वेगळे पैसे नाहीत,’ असे उत्तर आले. या एका वाक्यात सगळी लबाडी उघडी पडली होती, पण आम्ही ते त्याच्या अगत्याच्या खाती जमा केले.

पैसे भरताना संकेतस्थळावर कार्ड चालेना. त्यावर, यंत्रणेत बिघाड आहे, बँकेतून थेट रक्कम पाठवल्यास दहा टक्के सूट देऊ, असा निरोप आला. घर स्विस, मालक स्विस, पण खाते स्पेनमधले आणि तेही तिसऱ्याच नावाचे! स्विस खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक, ‘सीएच’ या अक्षरांनी सुरू होतो. आम्हाला दिलेला ‘ईएस’ने सुरू होत होता. विचारले तेव्हा ‘आमच्या व्यवस्थापन कंपनीचे खाते आहे’ असे उत्तर मिळाले आणि मी 4,100 युरो, म्हणजे सुमारे पावणेचार लाख रुपये, पाठवून दिले. झेरमाटमध्ये राहणाऱ्या पाहुण्यांकडून दर रात्रीमागे पर्यटन कर घेतला जातो. त्याचा आमच्या पावतीत उल्लेखही नव्हता, हे फार नंतर लक्षात आले.

माझी उरलीसुरली शंका मिटवली ती शेंगेन व्हिसाने. अर्जासोबत हीच पावती जोडली होती आणि व्हिसा मिळाला, म्हणजे घराची खातरजमा झाली असे मी धरून चाललो. व्हिसा मंजूर होणे म्हणजे आपण जोडलेल्या प्रत्येक पावतीच्या खरेपणाचा दाखला नव्हे, हे शिक्षण मला बरेच महाग पडले.

23 डिसेंबरला दुपारी आमची गाडी टेश या गावी पोहोचली आणि तिथे रस्ता आमच्यापुरता संपला. झेरमाट हे मोटारींना बंदी असलेले गाव आहे. पाहुण्यांनी टेशच्या वाहनतळावर गाडी ठेवून बारा मिनिटांच्या रेल्वेने वर जायचे असते. गावात फिरतात त्या विजेवरच्या छोट्या टॅक्सी. मावसभावाने माझ्याकडे पाहिले आणि आम्ही दोघेही काही बोललो नाही. मालकाचा फोन बंद होता.

आमच्याकडच्या पत्त्यावर टॅक्सीवाल्याने बरोबर नेले. घर खरे होते, बाहेरचे छायाचित्रही त्याचेच होते. मात्र त्यात एक वृद्ध बाई सहकुटुंब राहत होत्या आणि त्यांनी ते कधीही भाड्याने दिलेले नव्हते. आदल्याच दिवशी आणखी एक कुटुंब असेच बॅगा घेऊन आले होते, असे त्यांनी मावसभावाला जर्मनमधून सांगितले. त्यांनी आम्हाला आत बसवून चहा दिला. त्या चहाची चव मला आठवत नाही, फक्त भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते एवढे आठवते.

नाताळच्या आदल्या दिवसांत गावात परवडणारी एकही खोली शिल्लक नव्हती. शेवटी तासाभराहून अधिक अंतरावरील, खालच्या फिस्प गावात दोन खोल्या मिळाल्या आणि मॅटरहॉर्न आम्ही एकदाच, झेरमाटवरून गोर्नरग्राट या डोंगरमाथ्यावर जाणाऱ्या रेल्वेतून पाहिला. स्थानिक पोलिसांनी तक्रार शांतपणे लिहून घेतली. गाडी कुठे लावणार होतात, असे त्या अधिकाऱ्याने विचारले तेव्हा मात्र उत्तर देताना मान खाली गेली.

पुण्यात परतल्यावर 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हे फिस्पमधूनच ऑनलाइन करायला हवे होते, कारण अशा प्रकरणात तासांनाही किंमत असते. बँकेने रक्कम परत मागवण्याचा संदेश पाठवला. परंतु पैसे एकदा समोरच्या खात्यात जमा झाले की खातेदाराच्या संमतीवाचून ते सहसा परत येत नाहीत, आणि ते खाते तर तोवर रिकामे झाले होते.

आता कोणी ओळखीचे आल्प्समध्ये घर घेऊ लागले की मी त्यांना आधी त्या गावच्या पर्यटन कार्यालयाला फोन करून घराची नोंद विचारायला सांगतो. त्याशिवाय मालकाला एक प्रश्न मुद्दाम चुकीचा विचारावा: झेरमाट असेल तर दारापर्यंत मोटार येते का, असा. खरा मालक लगेच ‘नाही’ म्हणून टेशचा रस्ता सांगेल.