नडगीत रॉड: वाटीखालून की वाटीवरून?

नडगीचं हाड मोडलं की आधाराचा धातूचा रॉड हाडाच्या पोकळीत जातो तो हाडाच्या वरच्या टोकातूनच. प्रश्न एवढाच, की छेद गुडघ्याच्या वाटीखाली घ्यायचा की वर.

वाटीखालची पद्धत जुनी, हातात बसलेली. त्यात गुडघा ९० अंशांहून जास्त दुमडावा लागतो. हाड मधोमध मोडलं असेल तर काहीच अडत नाही. फ्रॅक्चर गुडघ्याजवळ असेल तर मात्र खरी कसोटी. दुमडलेल्या गुडघ्यात वाटीखालची कंडरा (वाटीला नडगीशी जोडणारा चिवट पट्टा) ताणली जाते, वरचा तुकडा पुढे उचलला जातो आणि हाड पुढे कोन करून बसतं. सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना वापरायच्या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या, पडद्यावर हे स्पष्ट दिसतं, पण तो तुकडा दाबून धरताना सहायकाचे हात भरून येतात.

वाटीवरून जाताना गुडघा जेमतेम १५-२० अंश वाकवायचा. खाली चादरीची गुंडाळी पुरते. कंडरा सैल राहते, तुकडे जागेवर टिकतात, सी-आर्म फिरवणंही सोपं जातं. गुडघ्याजवळच्या फ्रॅक्चरला मी हीच वाट धरेन. पण इथे अवजारं वाटी आणि मांडीच्या हाडामधून जातात. संरक्षक नळी घट्ट बसलेली हवी, नाहीतर रीमर (हाडाची पोकळी रुंद करणारं अवजार) थेट कूर्चेवर, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरच्या गुळगुळीत आवरणावर, घासतो. शेवटी सांधा नीट धुवायचा, हाडाचा चुरा आत राहता कामा नये.

गुडघेदुखी दोन्हींत राहू शकते. आणि वरून घातलेला रॉड पुढे काढायचा झाला, तर बहुधा वाटीखालीच नवा छेद घ्यावा लागतो. हे रुग्णाला आधीच सांगायला हवं.