दहा महिने ‘आडवे वाचन’: नववीच्या वर्गात वापरलेल्या एका मोफत अभ्यासक्रमाचा अनुभव

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत इतिहास आणि मराठी शिकवते. गेल्या जूनपासून यंदाच्या मार्चअखेरपर्यंत नववीच्या दोन तुकड्यांना मी ‘सिव्हिक ऑनलाइन रीझनिंग’ हा माध्यमसाक्षरतेचा अभ्यासक्रम शिकवला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या इतिहास-शिक्षण गटाने तो २०१९ मध्ये सर्वांसाठी खुला केला; हा गट आता विद्यापीठाबाहेर पडून ‘डिजिटल इन्क्वायरी ग्रुप’ या नावाने स्वतंत्रपणे काम करतो. नाव नोंदवले की पाठटाचणे, कृतिपत्रिका आणि मूल्यमापनाचे निकष उतरवून घेता येतात आणि त्याचे पैसे पडत नाहीत. मुलांना याचा उपयोग झाला का, असे सहकारी विचारतात. त्याचे उत्तर पुढे येईलच, पण या साहित्याची खरी परीक्षा शिकवणाऱ्याची होते हे मला सप्टेंबरपर्यंत कळले नव्हते आणि ते आधी कोणी सांगितले असते तर माझी पहिली सहामाही वाया गेली नसती.

अभ्यासक्रमाचा गाभा तीन प्रश्नांत मावतो. ही माहिती कोण देत आहे, तिला पुरावा काय, आणि इतर स्रोत याबद्दल काय म्हणतात? यामागे याच गटातले संशोधक सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेले एक निरीक्षण आहे. त्यांनी १० इतिहासतज्ज्ञ, स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे १० व्यावसायिक यांना अनोळखी संकेतस्थळांसमोर बसवले. त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळे होती: एक १९३० पासून चालत आलेली, हजारो सदस्यांची, आणि दुसरी त्यातूनच २००२ मध्ये फुटून निघालेली, जेमतेम काहीशे सदस्यांची, पण नावाने आणि दिसायला तितकीच भारदस्त. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासतज्ज्ञ ते पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत राहिले, मांडणी, संदर्भ आणि बोधचिन्ह पाहून मत बनवू लागले आणि चकले. बातम्या तपासणाऱ्यांनी मात्र पान जवळजवळ वाचलेच नाही. शेजारी नव्या खिडक्या उघडून ‘या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात’ ते आधी पाहिले. या पद्धतीला मी वर्गात ‘आडवे वाचन’ म्हटले आणि नेहमीच्या पद्धतीला ‘उभे वाचन’. हे दोन शब्द मुलांनी इतके उचलले की नोव्हेंबरात एक मुलगा भूगोलाच्या सरांना ‘सर, हे आडवं वाचलंय का?’ असे विचारून बसला. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पहिले दोन महिने मात्र फसले. मी मूळ पाठ मराठीत उतरवून जसेच्या तसे शिकवले. त्यातला एक गाजलेला पाठ किमान वेतनाविषयीच्या एका संकेतस्थळाचा आहे. त्या संकेतस्थळामागची संशोधन संस्था वॉशिंग्टनमधल्या एका जनसंपर्क कंपनीशी जोडलेली निघते. पाठ उत्तम रचलेला आहे. पण आमच्या मुलांना अमेरिकेतल्या हॉटेल-कामगारांचे वेतन किती असावे याच्याशी देणेघेणे नाही, आणि नावातल्या ‘इन्स्टिट्यूट’ या शब्दाने दबून जाण्याइतके इंग्रजीही त्यांच्याजवळ नाही. फसण्याइतकी ओळखच नसेल तर फसवणूक उलगडण्यात काय गंमत? पद्धत तेवढी ठेवावी आणि उदाहरणे आपल्या मातीतली घ्यावीत, हे मी गणपतीच्या सुट्टीत ठरवले.

त्यानंतरचा सर्वांत रंगलेला तास दिवाळीच्या सुट्टीनंतरचा. दरवर्षी फिरणारे ते चित्र बहुतेकांनी पाहिलेले असते: काळ्याभोर पार्श्वभूमीवर रंगीत ठिपक्यांनी झगमगणारा भारत, आणि खाली ‘दिवाळीच्या रात्री नासाने अंतराळातून टिपलेले छायाचित्र’. ‘मॅडम, हे खरंच आहे, आमच्या काकांनी पाठवलंय’, असे एकीने सुरुवातीलाच सांगून टाकले. मी चित्राबद्दल एक शब्द बोलले नाही. गूगल लेन्सवर चित्र टाकले आणि आलेल्या यादीतला पहिलाच दुवा उघडण्याआधी सगळी यादी खालपर्यंत वाचायला लावली. या सवयीला मूळ अभ्यासक्रमात स्वतंत्र पाठ आहे, आणि मला विचाराल तर साऱ्या साहित्यातला तोच सर्वांत मोलाचा. पाचव्या-सहाव्या दुव्यावर नासाचेच पान सापडले. हे चित्र अमेरिकेच्या सागर व वातावरण संस्थेच्या माहितीवरून रचलेले असून त्यात अनेक वर्षांतली दिव्यांची वाढ दाखवली आहे: १९९२ पूर्वीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ चे हिरवे आणि २००३ चे लाल. नासाने १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचे खरे उपग्रहचित्रही प्रसिद्ध केले होते आणि दिवाळीमुळे वाढणारा उजेड अंतराळातून जवळजवळ जाणवत नाही, असे स्पष्ट म्हटले होते. मुलांना खोटेपणा पकडल्यापेक्षा त्या रंगांचा खरा अर्थ कळल्याचा आनंद जास्त झाला. ‘म्हणजे लाल ठिपके नवीन वस्त्यांचे’, असे म्हणत दोघे-तिघे नकाशावर सातारा शोधू लागले. घंटा झाली तरी कोणी उठेना.

या साहित्याची सर्वांत मोठी मर्यादाही याच सुमारास ध्यानात आली. ते संकेतस्थळ गृहीत धरते. म्हणजे माहितीला पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर कोण राहते ते शोधायचे असते. आमच्याकडे अफवा बिनपत्त्याची येते. आत्याच्या मोबाइलवर आलेली ध्वनिफीत, कोणाच्या तरी मेहुण्याने पुढे ढकललेली वीस सेकंदांची चित्रफीत, ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’ एवढीच सही. ‘माहिती कोण देत आहे’ या पहिल्याच प्रश्नावर मुले अडायची, कारण उत्तर ‘काका’ असे यायचे आणि काका खोटारडे नसतात.

हा प्रश्न किती गंभीर आहे हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार केले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले होते. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मूळची कराचीतली होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेल्या त्या फितीत दुचाकीवरचे दोघे मुलाला उचलतात, परत आणून सोडतात आणि शेवटी संदेशाचा फलक दाखवतात. फिरवणाऱ्यांनी शेवट कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. मी हा पाठ स्वतः रचला. हिंसेचे एकही चित्र दाखवले नाही; फक्त कापलेल्या फितीचे वर्णन फळ्यावर लिहिले आणि ‘याच्या आधी काय आणि नंतर काय, हे कसे शोधाल?’ एवढे विचारले. तिन्ही प्रश्नांच्या आधी आम्ही आमचा एक शून्यावा प्रश्न जोडला: हे पहिल्यांदा कुठे दिसले? काकांना खोटे न ठरवता काकांच्या पलीकडे जाण्याची वाट या प्रश्नाने मिळाली.

आता शिकवणाऱ्याच्या परीक्षेविषयी. शिक्षकाने वर्गासमोर मोठ्याने विचार करत शोध घ्यावा, अशी या पाठांची अपेक्षा आहे. हा दुवा मी का उघडला नाही, इथे मला शंका का आली, इथे मी चुकत आहे का, हे सगळे बोलून दाखवायचे. बावीस वर्षे उत्तर आधी तयार ठेवून वर्गात शिरणाऱ्या माझ्यासारखीला हे फार जड गेले. सुरुवातीला मी घरी शोध घेऊन यायचे आणि वर्गात तो पहिल्यांदाच घेत असल्याचे नाटक करायचे. मुलांना ते कळत असावे. जानेवारीत राष्ट्रगीताविषयीचा एक संदेश तपासायला घेतला: युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवले, हा तो जुना दावा. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘मॅडम, पण हे तुम्हीच पंधरा ऑगस्टला सूत्रसंचालन करताना म्हणाला होता.’ वर्ग चिडीचूप. खरेच म्हणाले होते. कोणीतरी पाठवलेल्या निवेदनातून उचलले होते आणि ध्वजारोहणाच्या गडबडीत तपासण्याचे सुचलेही नव्हते. त्या दिवशी नाटक करण्याची सोयच उरली नाही. प्रोजेक्टरवर सगळ्यांसमोर शोधले, आपण अशी कोणतीही घोषणा केलेली नाही हा युनेस्कोचा जुना खुलासा सापडला, आणि सोमवारच्या परिपाठात मी स्वतः दुरुस्ती वाचून दाखवली. परिपाठात शिक्षकाने चूक कबूल करण्याची आमच्याकडे पद्धत नाही. एक ज्येष्ठ सहकारी ‘एवढं काय त्यात’ म्हणालेही. पण त्या आठवड्यापासून मुले आपापल्या घरचे संदेश आपणहून वर्गात आणू लागली. त्याआधी मी मागूनही येत नव्हते.

म्हणूनच शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल थोडे कडू बोलावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे आणि ‘निष्ठा’ हा सरकारी शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रम आणि ‘दीक्षा’ हे ऑनलाइन व्यासपीठ यांमुळे ते तास घरबसल्या भरताही येतात. याच विषयावरच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणाला मी डिसेंबरात गेले होते. एका सभागृहात दीडशे शिक्षक, सरकपट्ट्यांवर ‘खोटी बातमी ओळखण्याची दहा लक्षणे’, चहा, गटफोटो, प्रमाणपत्र. त्या दहा लक्षणांत ‘शुद्धलेखनाच्या चुका’ होत्या आणि ‘संकेतस्थळाच्या नावाचा शेवट’ होता. म्हणजे पान उभे वाचण्याचाच सल्ला. दिवसभरात एकाही शिक्षकाने एकही गोष्ट स्वतः शोधून पाहिली नाही.

असा एकदाचा घाव किती वरवरचा ठरतो, हे बिहारमध्ये मोजले गेले आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात राज्यशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा बद्रीनाथन यांनी तिथल्या प्रौढांना समोरासमोर बसून सुमारे तासभराचे प्रशिक्षण देऊन पाहिले. चुकीची माहिती ओळखण्याच्या क्षमतेत त्याने एकंदरीत फरक पडला नाही. पुढे त्याच राज्यात, राज्य सरकारच्या ‘जीविका’ या ग्रामीण उपजीविका संस्थेच्या साहाय्याने, ५८३ गावांतल्या सुमारे १३,५०० विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला. या वेळी कित्येक आठवड्यांत पसरलेले चार वर्ग घेतले गेले. परिणाम दिसला, चार महिन्यांनंतरही टिकला आणि काही प्रमाणात पालकांपर्यंत पोहोचला. म्हणजे आमच्या ‘काकां’पर्यंत वाट आहे, पण ती एका दिवसात तुडवून होत नाही.

आमच्या शाळेत आम्ही चौघांनी मग महिन्यातून एकदा, शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षक-खोलीत बसायचे ठरवले. प्रत्येकाने स्वतःला खरा वाटलेला एक संदेश आणायचा आणि बाकीच्यांसमोर तपासायचा. विज्ञानाच्या सरांनी दोन हजारांच्या नोटेतल्या कथित चिपचा २०१६ मधला स्वतःचाच संदेश जुन्या फोनमधून शोधून आणला आणि पोट धरून हसलो. ही बैठक कोणत्याच ५० तासांत मोजली जात नाही.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. अमेरिकेत या पाठांची मोठी चाचणी ५० मिनिटांच्या सहा तासांत झाली होती. आमची तासिका ३५ मिनिटांची, त्यात हजेरी. एक पाठ दोन तासिकांत तोडावा लागतो आणि मध्ये वीकएंड आला तर धागा तुटतो. संगणक कक्षात चालू स्थितीतले नऊ संगणक आहेत, म्हणून पाच-पाच मुलांचे गट केले. शाळेत मोबाइलला बंदी असल्याने ज्या यंत्रावर अफवा येते ते यंत्रच वर्गात नसते, हा विरोधाभास मी काही सोडवू शकले नाही. ज्या दिवशी नेट बंद त्या दिवशी शोधाच्या निकालांच्या पानांची छापील प्रत वाटली. त्या कागदावर ‘कोणता दुवा आधी आणि का’ हा सराव उलट जास्त शांतपणे झाला. मराठीतून शोधले तर निकाल उथळ येतात, ही खंत आहे, पण न्यूजचेकर आणि फॅक्ट क्रेसेंडो या बातम्यांची सत्यता तपासणाऱ्या संकेतस्थळांची मराठी पाने वर्गाच्या उपयोगी पडली. मूल्यमापनाचे तीन स्तरांचे निकष चांगले आहेत. मी ते पाठटाचणाच्या वहीतच चिकटवले आहेत.

एक दुष्परिणामही नोंदवते. फेब्रुवारीच्या सुमारास काही मुले प्रत्येकच गोष्टीला ‘फेक’ म्हणू लागली. पाठ्यपुस्तकातल्या मजकुरालाही आणि तालुक्याच्या दवाखान्याच्या लसीकरणाच्या सूचनेलाही. मी खोट्याचीच उदाहरणे देत गेले होते, चूक माझी. तेव्हापासून दर तीन उदाहरणांत निदान एक खरे निघालेच पाहिजे, असा नियम पाळते. दवाखान्याची ती सूचना आम्ही आडवी वाचली. ती खरी होती, आणि तारीखही बरोबर होती.

हा अभ्यासक्रम इतरांना सुचवेन का? इतिहास, भाषा किंवा नागरिकशास्त्र शिकवणाऱ्याने जरूर घ्यावा. पण पहिले दोन महिने तो फक्त स्वतःवर वापरावा, वर्गात नेऊ नये. इंग्रजीचा सराव नसेल तर एखादा सहकारी सोबत घ्यावा, कारण शिक्षकांसाठीच्या सूचना लांबलचक आहेत आणि महत्त्वाचे सगळे तिथेच आहे. माझी ही मुले जूनमध्ये दहावीत जातील आणि दहावीच्या वेळापत्रकात या तासाला जागा नाही. मुख्याध्यापकांनी शनिवारी शाळा सुटल्यानंतरची पाऊण तासाची वेळ दिली आहे. संगणक कक्षाची किल्ली माझ्याकडे राहील.