ओकची जमीन, भाड्याचा बफर आणि हार्डवॅक्स ऑइल : १४ महिन्यांनंतर

न्यू जर्सीतलं आमचं घर १९५५ सालचं. ताबा मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात कार्पेटचा कोपरा उचकटून पाहिला तर खाली ओक. सव्वादोन इंच रुंद, पाऊण इंच जाड अशा रेड ओकच्या पट्ट्या, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवलेली. कार्पेटच्या पिना पक्कडीने उपटण्यात दोन शनिवार-रविवार गेले, तो भाग सोडून देते.

पुढचं लिहिते आहे, कारण जुनं घर घेणाऱ्या प्रत्येक ओळखीच्याने हेच विचारलंय : बफर, म्हणजे जमीन घासायचं फिरत्या तबकडीचं यंत्र, भाड्याने आणून लाकडी जमीन घरच्या घरी नवी करणं जमतं का, आणि वर लावायचं काय, पॉलियुरेथेन (लाकडावर पारदर्शक थर धरणारं वार्निश) की तेल? आमच्याकडे दोन्ही आहे. वरच्या दोन बेडरूममध्ये जुनं पॉलियुरेथेन शाबूत होतं, नुसतं निस्तेज आणि ओरखडलेलं. तिथे बफिंग करून पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेनचा एक हात दिला. खाली हॉलमध्ये मात्र दारापासून किचनपर्यंतचं लाकूड उघडं पडून करडं झालं होतं. तिथे पूर्ण तासून हार्डवॅक्स ऑइल.

नुसत्या बफिंगवर भागेल का, हे पाण्याचा थेंब सांगतो. थेंब टपोरा बसून राहिला तर वरचा थर जिवंत आहे. चार-पाच मिनिटांत खालचं लाकूड काळपट पडलं तर थर गेला, तिथे बफर फिरवून उपयोग नाही. दुसरी चाचणी मेणाची. पांढऱ्या फडक्यावर मिनरल स्पिरिट (रंगकामातलं एक थिनर) घेऊन एक कोपरा घासायचा. फडक्यावर पिवळट-तपकिरी काही आलं तर थांबा, मेणावर पॉलियुरेथेन धरत नाही, सोलून निघतं. आमचं फडकं कोरं निघालं, सुटलो.

आता बफर. १७ इंची तबकडीचं यंत्र, हार्डवेअरच्या दुकानातून एका दिवसाच्या भाड्याने. दुकानातल्या माणसाने बटण कुठलं एवढंच सांगितलं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा त्याने मला खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला ओढत नेलं आणि स्कर्टिंगला खोक पाडली. ती अजून तशीच आहे, पाहुण्यांना मी स्वतःच दाखवते. अर्ध्या तासाने लक्षात आलं की हे धूड ढकलायचं नसतंच. मूठ किंचित उचलली की ते उजवीकडे जातं, किंचित दाबली की डावीकडे, बरोब्बर मधे धरली की जागच्या जागी गरगरतं. सगळा खेळ इंच-अर्ध्या इंचाचा. आजीच्या जात्याचा खुंटा आवळून धरला की हात भरून यायचे आणि सैल धरला की जातं आपसूक फिरायचं, तसंच. नवऱ्याने शेवटपर्यंत जोर लावला आणि दुसऱ्या दिवशी खांदा धरून बसला.

तबकडीखाली जाड पॅड आणि त्याखाली १२० नंबरची जाळी, म्हणजे जाळीदार काचपेपरच. एक बाजू बोथट झाली की उलटवायची. पडणारी पूड पांढरी असेल तोवर ठीक, कारण ती जुन्या थराची. भुसा लाकडाच्या रंगाचा दिसू लागला तर तुम्ही थर ओलांडून लाकडात शिरलात. आमच्या दारापाशी एका जागी हे झालंच. भिंतीलगतच्या कडा आणि कोपरे हाताने घासावे लागतात, आणि तिथे आळस केलात तर नवा थर आधी तिथूनच सुटतो. मग व्हॅक्यूम, ओलसर मायक्रोफायबर, पुन्हा व्हॅक्यूम. एवढं करूनही खिडकीशी एक केस कायमचा कैद झालाय.

खालच्या हॉलचं तासकाम आम्ही माणूस बोलावून करून घेतलं. ड्रम सँडर, म्हणजे काचपेपर गुंडाळलेल्या फिरत्या रुळाचं तासायचं यंत्र, चालू ठेवून क्षणभर एका जागी थांबलात तरी जमिनीत खळगा पडतो, तो धोका नको होता. त्या माणसाने मधला भाग छान केला, पण कडेच्या छोट्या मशीनचे चंद्रकोरीसारखे ओरखडे तसेच सोडून गेला. विचारलं तर म्हणे, फर्निचर आलं की दिसणार नाही. संध्याकाळचं ऊन तिरपं आलं की रोज दिसतात. पैसे देण्याआधी दिवा जमिनीलगत आडवा धरून पाहायला हवं होतं, ते आता सांगते आहे.

हार्डवॅक्स ऑइल म्हणजे वनस्पतीजन्य तेलं आणि मेणं यांचं मिश्रण. ते लाकडात मुरतं, वर पापुद्रा धरत नाही. लावायचं पातळ, बफरला पांढरा पॅड लावून चोळून चोळून. मी मात्र किचनच्या दाराशी वर्दळ जास्त म्हणून दोन घास जास्त भरवले. तेवढीच जागा तीन दिवस चिकट राहिली, पायाला चटचट लागायची. शेवटी मिनरल स्पिरिटने पुसून, घासून, पुन्हा पातळ हात दिला. शिवाय तेलाची फडकी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसासारखी तेलं वाळताना उष्णता सोडतात आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. आम्ही ती पाणी भरलेल्या पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात टाकली.

पहिले काही महिने कौतुकातच गेले. तेलाच्या जमिनीवर अनवाणी चालायला फार छान वाटतं. पॉलियुरेथेन पायाखाली थोडं प्लॅस्टिकसारखं लागतं, तेल लावलेलं लाकूड लाकडासारखंच. आपल्याकडे घरात चपला-बूट नसतात, ही जमिनीची अर्धी देखभाल आयतीच होते. वाळूचे बारीक कण हाच खरा शत्रू. खुर्च्यांच्या पायांना लावलेल्या फेल्टच्या चकत्यांतही ते रुतून बसतात आणि चकतीचाच काचपेपर होतो. आम्ही दर तीन-चार महिन्यांनी बदलतो.

हळदीची भीती होती. वरणाची वाटी उपडी झाली, लगेच पुसली तरी पिवळी छटा राहिली. ती जागा नेमकी खिडकीपाशी. आठवड्याभरात उन्हाने छटा खाऊन टाकली, हळद उजेडात टिकत नाही. लोखंड मात्र फार वाईट. थंडीत तुळस आत घेतली, लोखंडी तिवईवर ठेवली. कुंडीतून पाणी झिरपलं आणि तिवईच्या पायाखाली शाईसारखा काळा डाग पडला. ओकमधलं टॅनिन, लोखंड आणि पाणी एकत्र आले की हेच होतं. ऑक्झॅलिक ॲसिडने, हातमोजे घालून, डाग बराच उतरला. त्यासाठी तिथलं तेल आधी घासून काढावं लागलं आणि नंतर पुन्हा लावावं लागलं. जवळून पाहिलं तर एक करडा ठिपका उरलाय. तुळस आता लाकडी पाटावर, खाली ताट.

आणि आई. नाशिकहून आली, दुसऱ्याच दिवशी सकाळी उठून पाहते तर बादली, फडकं, फिनेल, आणि हॉल चकाचक ओला. "अगं, नुसतं कोरडं पुसून काय होतं?" ओकचे रेषे पाण्याने फुगून उभे राहिले आणि दारापासची जागा हाताला खरखरीत लागू लागली. मी काही बोलले नाही. नंतर बारीक पॅडने घासून, चमचाभर तेल चोळत बसले तेव्हा ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "म्हणजे सारवणंच की हे." खरं आहे. जिथे उखणलं तिथे हात फिरवायचा. दोन्ही पद्धतींतला फरक मला यापेक्षा नेमका कुणी सांगितला नव्हता. तेलाची जमीन तुकड्या-तुकड्याने दुरुस्त होते. नवव्या महिन्यात किचनच्या दाराची दीड-दोन फूट जागा मी वीस मिनिटांत ताजी केली, जोड दिसत नाही. वरच्या बेडरूममध्ये मुलाने खेळण्यातली गाडी घासून पाडलेला हातभर ओरखडा तसाच आहे, कारण पॉलियुरेथेनवर ठिगळ उठून दिसतं. आता करायचं तर पूर्ण खोली रिकामी करून पुन्हा बफर.

उलट बाजू अशी की बेडरूमकडे १४ महिन्यांत मी ढुंकून पाहिलेलं नाही आणि त्या एका ओरखड्याखेरीज त्यांचं काही बिघडलेलं नाही. हॉलला लक्ष लागतं. पाणी सांडलं की उठावं लागतं.

हिवाळ्यात दोन्हीकडे फटी पडल्या. जानेवारीत हीटरने घरातली आर्द्रता २२ टक्क्यांवर आली तेव्हा काही पट्ट्यांच्या मधे नाण्याची कड बसेल एवढी जागा झाली. मी घाबरून पुट्टी भरणार होते. भरली नाही ते बरं, कारण जुलैत फटी आपोआप मिटल्या, आणि पुट्टी असती तर फुगणाऱ्या लाकडाने ती बाहेर फेकली असती. लाकडी जमिनीला ३० ते ५० टक्के आर्द्रता मानवते, असं इथली नॅशनल वूड फ्लोअरिंग असोसिएशन सांगते. यंदा ह्युमिडिफायरने ३८च्या आसपास ठेवली, फटी निम्म्याही पडल्या नाहीत.

रोजची निगा फारशी नाही. कोरडा मायक्रोफायबर, व्हॅक्यूमचा फिरता ब्रश बंद करून, आणि आठवड्यातून एकदा घट्ट पिळलेला मॉप. व्हिनेगर नको, स्टीम मॉप तर अजिबात नको, वाफ थेट सांध्यांत शिरते. चकाकी आणणारी तयार पॉलिशंही मी परत केली. त्यांचा थर साचला की पुढच्या वेळी नवा हात धरत नाही.

जाता जाता : "सागवान असतं तर असे खळगे पडले नसते," असं इथे येणारा प्रत्येक मराठी माणूस ऐकवतो. पडले असते. लाकडाचा कठीणपणा मोजणाऱ्या जान्का कसोटीत रेड ओक १२९० आणि सागवान त्याच्या खालीच. सागाची ख्याती पाणी-वाळवीला दाद न देण्याची, कठीणपणाची नव्हे.

पुन्हा करायचं झालं तर हॉलला तेलच, बेडरूमना पॉलियुरेथेनच, आणि बफर एका दिवसाऐवजी दोन दिवसांसाठी आणेन, पहिला दिवस शिकण्यातच जातो. जिन्याच्या तेरा पायऱ्या अजून तशाच आहेत. तिथे बफर बसत नाही, हातानेच घासाव्या लागतील. तीन झाल्यात.